वरच्या कोपऱ्यातली चार बोटं

“बाई, ही आमची चादर आहे! आमच्या घरची!”

असं ओरडून शालिनीनं हातातलं टोक सोडून दिलं. चादर अर्धी मातीत. दुसरं टोक धरून मी तशीच उभी. शाळेचं पटांगण, सकाळचं ऊन, दहावीच्या आम्ही नऊ मुली, वर्गाच्या बाई आणि एक फोटोवाला. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं.

“कशावरून?” बाईंनी विचारलं.

“ही खूण बघा ना. तीन ठिपके, खाली रेघ. परवाच आईनं हिच्या वडिलांकडे धुवायला दिली.”

बाईंनी कोपरा उचलून पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. पायापासून वर.

“म्हणजे आम्ही दिलेले कपडे तुम्ही लोक घरात वापरता होय?”

एक मुलगी फिसकन हसली. दुसरीनं काय केलं सांगू? आपल्या पांढऱ्या ब्लाउजची बाही नाकाशी नेली आणि हुंगली. तिचेही कपडे आमच्याकडंच यायचे.

“चोरीची चादर आणि चोरही फोटोत, असं कसं चालेल?” बाई म्हणाल्या. मग जरा विचार केल्यासारखं करून म्हणाल्या, “उंच आहेस ना तू? मागं जा. धरून उभी राहा.”

हे शब्द पंचेचाळीस वर्षं माझ्यापाशी आहेत. एक कानामात्रा इकडचा तिकडं झालेला नाही. लोकांची नावं विसरते, चष्मा कुठं ठेवला ते विसरते, गॅसवर दूध ठेवून विसरते. हे नाही विसरत.

आता तुम्ही म्हणाल, पण चादर तू उचलली होतीस ना? उचलली होती. तेही सांगते. सगळं सांगायला बसले आहे तर माझ्या बाजूचंच काय म्हणून लपवू?

आम्ही परीट. भिंगारला राहायचो. पलीकडं लष्कराचा भाग, अलीकडं बाजार, मधे आमची आळी. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, पन्नासेक घरांचे कपडे धुवायचे. कारकुनांची घरं, मास्तरांची घरं, दोनचार वकिलांची. आप्पा शाळेत गेलेले नव्हते. अंगठा. पण त्यांची स्वतःची एक लिपी होती. बिब्बा ठेचून त्याच्या रसात सुई बुडवायची आणि कापडाच्या कोपऱ्यावर खूण करायची. वर चुना लावला की काळी पक्की. साबणानं जायची नाही, भट्टीत उकळून जायची नाही, कापड फाटलं तरी चिंधीवर राहायची. कुणाच्या घराला दोन ठिपके, कुणाला फुली, कुणाला रेघेवर रेघ. पन्नास घरांच्या पन्नास खुणा आप्पांच्या डोक्यात. मला ग म भ न यायच्या आधी त्या खुणा वाचता येत होत्या.

आमच्या स्वतःच्या कपड्यांवर मात्र खूण नसायची. मी एकदा विचारलं होतं, तर आप्पा म्हणाले, “आपलं काय हाय हरवण्यासारखं?”

आणि घरात एक कायदा होता. गिऱ्हाइकाचं कापड अंगाला लावायचं नाही. दिवाळी असो, लग्न असो, थंडीनं हाडं वाजत असोत. गाठोड्यात मऊमऊ शाली असायच्या आणि आम्ही गोधडीत. आप्पा म्हणायचे, “येकदा का लोकाचं पांघरलं, मंग धंदा संपला. इस्वास हाच धंदा.” परटाच्या नावानं जग काय काय बोलतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यामुळं ते दुप्पट सांभाळून असायचे.

दहावीचा निरोपसमारंभ जवळ आला. मुलांचा फोटो आदल्या आठवड्यात निघाला होता, मुलींचा राहिला होता. अडचण होती भिंतीची. फोटोपुरतं चांगलं ऊन फक्त एका भिंतीपाशी यायचं आणि त्या भिंतीवर होता लाल त्रिकोण. कुटुंबनियोजनाचा. आई, बाप, दोन पोरं, खाली घोषणा. कुणी रंगवून ठेवला कोण जाणे, पण शाळेच्याच भिंतीवर. आता त्याच्यापुढं दहावीच्या मुली कशा बसवायच्या? बाई वर्गात म्हणाल्या, “मागं लावायला मोठी पांढरी चादर पाहिजे. अगदी शुभ्र. कोण आणेल?”

सगळा वर्ग माझ्याकडं वळला. मागून एक मुलगा म्हणाला, “परटाच्या घरी चादरीला काय तोटा!” सगळे हसले. आणि मी वेडी, मलाही हसू आलं. मी हात वर केला. शाळेत पहिल्यांदाच माझ्या घरी असं काही होतं जे दुसऱ्या कुणाकडं नव्हतं.

घरी आले तेव्हा कळलं की नाही. शुभ्र चादर आमच्याकडं नव्हती. गोधड्या होत्या, एक चट्ट्यापट्ट्याची सोलापुरी होती, तिलाही ठिगळ. आता हात वर केलेला, खाली कसा घ्यायचा? आप्पा घाटावर, आई कपडे पोचवायला गेलेली. धुतलेल्या कपड्यांचा ढीग पुढ्यात. मी कोपरे उलटून बघत गेले. तीन ठिपके, खाली रेघ. शालिनीचं घर.

मुद्दाम तीच काढली. कळून सवरून. का तर शालिनी माझी मैत्रीण. एका बाकावर बसायचो आम्ही. तिचं गणित मी सोडवायची, माझा निबंध ती तपासायची. तिच्या डब्यातलं लोणचं मी खाल्लेलं. म्हटलं, दुसऱ्या कुणाची नेली तर बोभाटा होईल. शालूची आहे. शालू काय बोलणार? बघेल, डोळा मारेल, झालं. दुपारी आणून पुन्हा धुवून टाकू.

ही माझी चूक. चादर नेली ही नाही म्हणत मी. शालू काय बोलणार, असं वाटलं, ती चूक.

सकाळी कोळशाची इस्त्री पेटवून ती चादर पुन्हा कडक केली. खळीचं पाणी शिंपडून. हातावर आडवी घेऊन शाळेत गेले, घडी मोडू नये म्हणून. वाटेत दोघांनी विचारलं, काय गं, लग्न आहे का कुणाचं?

तर मागं गेले मी. बाई म्हणाल्या म्हणून गेले. पळून का नाही गेले, असं मला माझ्या मुलानं परवा, हे सगळं कळल्यावर, विचारलं. आता काय सांगू? पंधरा-सोळाची पोर. बाईंनी सांगितलं की करायचं, एवढंच ठाऊक.

चादरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. दुसरीकडं बांधायला काही नव्हतं, तिथं मी. चादर आणि भिंत यांच्यामधल्या फटीत. तोंडापुढं कापड, पाठीला तो लाल त्रिकोण. उजवा हात वर ताणून चादर धरलेली. फोटोवाला म्हणाला, “तो काळा डाग दिसतोय वर.” बाई म्हणाल्या, “हाताखाली झाक गं.” म्हणून आप्पांनी घातलेली खूण मी मुठीत घेतली. चार बोटं चादरीवरून पुढं, अंगठा मागं.

ऊन समोरून होतं. त्यामुळं आठही मुलींच्या सावल्या चादरीवर पडल्या. मागून मला सगळ्या दिसत होत्या. कोण कुठं बसली, कुणी वेणी पुढं घेतली. शालिनीची सावली ओळखू आली, तिला मान तिरकी करायची सवय. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर ती उभी होती. मधे फक्त कापड. मला तिचा श्वास ऐकू येत होता. वाटलं, आता एकदा मागं वळून काही म्हणेल. हळूच. नुसतं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

“हसा,” फोटोवाला म्हणाला. सावल्या हलल्या. हसल्या असणार.

आजही वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यामागून कुणी गेलं, सावली पडली, की माझा हात आपोआप वर जातो. सून म्हणते, आई, काय झालं? मी म्हणते, काही नाही, चिमटा बघत होते.

त्याच संध्याकाळी आप्पांना शालिनीच्या घरून बोलावणं आलं. मला सोबत नेलं. त्यांच्या पायरीखाली आप्पांनी चप्पल काढली आणि खालीच उभे राहिले. हातात ती चादर, पुन्हा धुतलेली. शालिनीची आई दारात आली. आवाज चढवला नाही तिनं. फार शांतपणे म्हणाली, “राहू द्या. ती आता आम्हाला नको. तुमच्याकडे कुणी अंथरली, कुणी पांघरली, कसं कळणार?”

“आईसाहेब, कुनीबी पांघरली न्हाई. पोरीची चूक झाली. पुन्यांदा हुनार न्हाई.”

“बाकीचे कपडे तेवढे उद्या परत पाठवा. न धुतलेले असले तरी चालतील.”

आत शालिनी होती. पडद्याखाली पाय दिसत होते. मी त्या पायांकडं बघत राहिले. पाय हलले नाहीत.

महिन्याभरात अजून सहा घरं गेली. आप्पा मला रागाचा एक शब्द बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी चादरीची घडी घातली, पत्र्याच्या पेटीत तळाला ठेवली. आई म्हणाली, “आवो, पांढरीफेक हाय, वापरू की.” आप्पा म्हणाले, “आपली न्हाई ती.”

“त्यांनीबी न्हाई घेतली. मंग कुनाची म्हनायची?”

“ठिव,” एवढंच म्हणाले.

त्याच रात्री जेवताना, ताटाकडं बघत त्यांनी मला विचारलं, “फुटूत हायेस ना पर तू?”

मी म्हटलं, “हाय, आप्पा.”

“मंग झालं,” ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

पुढं वीस वर्षं जगले आप्पा. पाहुणेरावळे आले की सांगायचे, आमची पोरगी धाव्वीच्या फुटूत हाय. तो फोटो आमच्याकडं कधी आलाच नाही. शाळेत पैसे भरून घ्यायचा होता, कोण घेणार? ते न बघताच सांगायचे. मी आतल्या खोलीत इस्त्री फिरवत ऐकायची.

फोटोच्या दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही. आळीतल्या एका पोरीबरोबर निरोप धाडला, ताप आहे. बोर्डाची परीक्षा आली, तेव्हाही ताप आहे म्हणून पडून राहिले. आप्पांनी कपाळाला हात लावून बघितला. थंडगार कपाळ. “जा की पोरी,” म्हणाले. मी भिंतीकडं तोंड केलं. मग ती गोष्टच होऊन बसली. लग्न झालं, सासरी विचारलं, दहावी का नाही दिलीस? ताप होता. मुलांनी विचारलं, ताप होता. इतक्यांदा सांगितलं की कधी कधी मलाच अंगात कणकण आठवायची.

शिक्षण तिथं संपलं. वाचन नाही संपलं बरं का. नवरा चांगला मिळाला, आमच्याच धंद्यातला, भिंगारचाच. इस्त्रीचे कपडे बांधायला रद्दी यायची. मी आधी रद्दी वाचायची, मग कपडे बांधायची. अर्ध्या बातम्या, अर्ध्या गोष्टी, शेवट दुसऱ्याच्या शर्टाबरोबर गेलेला. नवरा म्हणायचा, “गिऱ्हाईक थांबलंय, तुझी कादंबरी झाली का?” असंच वाचत वाचत लिहायलाही लागले. वहीत लिहायची, पेटीत टाकायची. त्याच पेटीत, चादरीवर. पेटी तीच होती. आप्पा गेले आणि ती माझ्याकडं आली. चादर तळाला तशीच. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ती कुणी अंथरली नाही, पांघरली नाही. दरवर्षी उन्हाळ्यात बाहेर काढायची, ऊन द्यायचं, घडी बदलायची. खूण आहे तिथं. काळी ती काळी.

आता गेल्या वर्षाची गोष्ट. मला मोबाईलवर एका ग्रुपमध्ये घातलं. आमच्या दहावीचा ग्रुप. माझा नंबर दादाभाऊनं शोधून काढला. दादाभाऊ म्हणजे घोडेगावकडचा, शेतकऱ्याघरचा, मामाकडं राहून शिकलेला. परटाच्या घरी चादरीला काय तोटा, असं म्हणणारा तोच. आता मोठा माणूस. ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग, फुलं, देवांचे फोटो. मला बरं वाटलं हो. खोटं कशाला बोलू? साठी उलटल्यावर कुणी शाळेतल्या नावानं हाक मारली की जीव हलतो. कुणाची शुगर, कुणाचे गुडघे, कुणाचा नवरा गेला. मीही लिहायची. माझं लिहिणं वाचून हसायचे सगळे, म्हणायचे, तू तर लेखिकाच झालीस.

मग एका दुपारी शालिनीनं फोटो टाकला. आमच्या वर्गातल्या मुली, ओळखा पाहू!

सून माझ्याशेजारी मटार सोलत होती. मी तिला म्हटलं, जरा मोठा करून दाखव. पंचेचाळीस वर्षांनी तो फोटो मी पहिल्यांदा बघत होते. बाई खुर्चीवर. आठ मुली. मागं पांढरीशुभ्र चादर, काय सुंदर ताणलेली, एक सुरकुती नाही. सुनेनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, इकडं तिकडं सरकवला.

“आई, तुम्ही कुठं आहात यात?”

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “अगंबाई, ही वर कोपऱ्यात कुणाची बोटं आहेत? चार बोटं दिसतायत बघा. कोणीतरी मागं आहे.”

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मटाराची शेंग हातात तशीच. मी फोटोत होते. आप्पांना मी खोटं बोलले नव्हते. चार बोटं का होईना, होते. आणि बोटांखालून खुणेची रेघ जराशी बाहेर आलेली. आप्पांची रेघ. म्हणजे आम्ही दोघंही होतो.

सुनेला त्या दिवशी सगळं सांगितलं. ती रडली. मी नाही रडले. मी पुन्हा पुन्हा ती बोटं मोठी करून बघत बसले.

दोन दिवसांनी शालिनीचा फोन आला. केवढा गोड आवाज! नगरला मुलीकडे राहायला आलेली, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली.

“अगं, मेळावा ठरलाय. शाळेच्या नव्या सभागृहात आपले दोन्ही फोटो मोठे करून लावणार आहोत, मुलांचा आणि मुलींचा. दादाभाऊ करून देतोय. आणि तू दोन शब्द बोलायचेस. तुझं बोलणं किती छान आहे! आपल्या वेळी कसं सगळे मिळूनमिसळून होतो, कुणी कुणाला काही विचारत नव्हतं, असं काहीतरी. तू बोललीस तर त्याला वजन येईल.”

तू बोललीस तर. बरोबर आहे. त्यांच्यातल्या कुणी बोललं तर काय वजन?

मग ती म्हणाली, “फोटोत तू नाहीस याचं फार वाईट वाटतं बघ. तुला त्या दिवशी ताप होता ना?”

आता बघा, ती खोटं बोलत नव्हती. आवाजावरून कळतं. तिला खरंच तेवढंच आठवत होतं. ती चादर, ती खूण, ते ओरडणं, तिच्या आईच्या पायरीखाली उभा माझा बाप, सगळं धुऊन गेलेलं. माझ्या आख्ख्या आयुष्यातून जे गेलं नाही ते तिच्यातून एका धुण्यात गेलं. आणि त्या मोकळ्या जागी तिनं माझाच ताप नेऊन ठेवलेला.

“हो गं,” मी म्हटलं. “ताप होता.”

फोन ठेवला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. सोळा वर्षांची असताना बोलले ते पोरवयात बोलले. एकसष्टाव्या वर्षी कुणी धाक घातला होता? बाई केव्हाच वारल्या. शालिनीची आई वारली. तरी मी हात वर करून उभीच. मला कुणी धरायला लावत नव्हतं, माझी मीच धरून होते.

म्हणून मेळाव्याला जाताना ती चादर पिशवीत घातली. मनात एवढंच होतं की शालिनीला बाजूला घ्यायचं, चादर तिच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, ताप नव्हता. बस. भांडायचं नव्हतं मला.

सभागृह छान झालंय. फेटे बांधले आम्हाला सगळ्यांना. शालिनीनं मिठी मारली, तिच्या डोळ्यांत पाणी. मान अजून तशीच तिरकी करते. मी म्हटलं, शालू, जरा बोलायचंय. ती म्हणाली, “आधी कार्यक्रम होऊ दे गं, मग आपण निवांत.”

दादाभाऊनं फोटोंवरचे पडदे ओढले. टाळ्या. केवढाले फोटो, दारापेक्षा रुंद, हात वर केला तर जेमतेम पोचेल एवढ्या उंच लावलेले. मी मुलींच्या फोटोपाशी गेले. नजर सरळ वरच्या कोपऱ्यात.

चादर होती. बोटं नव्हती.

मला वाटलं चष्मा धुरकटला. पुसला. पुन्हा बघितलं. कोपरा कोरा. बोटं नाहीत, रेघ नाही. चादर जणू आपली आपणच हवेत उभी. खाली नावं छापलेली. बाई आणि आठ जणी.

“दादाभाऊ,” मी म्हटलं, “इथं वर बोटं होती.”

“आहो ताई, ती व्हय?” तो खुशीत म्हणाला. “माझ्या नातवानं काढली कॉम्प्युटरवर. कुनाची हुती कुनास ठाऊक, आन कापडावर डागबी हुता. लई घान दिसत हुतं. आता बघा कसं साफ झालंय.”

मग माइकवरून माझं नाव पुकारलं. मी गेले. फेटा घट्ट झाला होता, तो काढून टेबलावर ठेवला. लिहून नेलेलं काही नव्हतं. म्हटलं, “तुम्ही मला मिळूनमिसळून होतो असं बोलायला सांगितलंय. त्या फोटोत वर कोपऱ्यात चार बोटं होती. ती माझी. चादर धरायला मला मागं उभं केलं होतं. बोटांखाली डाग होता तो डाग नव्हता, माझ्या वडिलांनी घातलेली धोब्याची खूण होती. चादर मी न विचारता आणली होती, ही माझी चूक. त्यासाठी माझ्या बापाची सात घरं गेली, माझी दहावी गेली. मला ताप नव्हता. कधीच नव्हता.”

सभागृहात कुणीतरी खोकलं. दादाभाऊ म्हणाला, “ताई, आनंदाचा दिवस हाय. आपल्या टायमाला जातपात काय नव्हती बघा.”

“दादाभाऊ, परटाच्या घरी चादरीला काय तोटा, असं तू म्हणाला होतास.”

“आरं तिच्या! ती चेष्टा हुती हो.”

“मी पण हसले होते,” मी म्हटलं.

शालिनी जवळ आली. माझा दंड धरून हळू आवाजात म्हणाली, “अगं, काय बोलतेस हे? मला काहीच आठवत नाही. खरंच. आणि असलंच काही तर लहान होतो आपण. जुनं कशाला उकरायचं?”

मी पिशवीतून चादर काढली. तिच्यापुढं कोपरा धरला. तीन ठिपके, खाली रेघ. “ओळख,” म्हटलं. “त्या दिवशी लांबून ओळखलीस.”

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचा हात खुणेकडं गेला आणि अर्ध्यात थांबला. आठवलं की नाही मला माहीत नाही.

खरं तर चादर तिला द्यायची होती. नाही दिली. फोटोपाशी गेले, घडी मोडली आणि तो फोटो झाकून टाकला. उंच आहे मी. हात पोचला. वरच्या चौकटीमागं चादरीची कड खोचली, दोन्ही कोपरे नीट बसवले, सुरकुती काढली. हातानंच. चाळीस वर्षं इस्त्री केलीय, सुरकुती बघवत नाही मला. आप्पांची खूण वरच्या कोपऱ्यात, सगळ्यांना दिसेल अशी.

“बोटं परत आणा,” मी म्हटलं. “आणि खाली नववं नाव लिहा. तोवर ही राहू द्या.”

जेवणाला थांबले नाही. बासुंदी होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर दादाभाऊचा मेसेज आला. सभागृहात कुणाची तरी चादर राहिली आहे, ज्यांची असेल त्यांनी शिपायाकडून घेऊन जावी. कुणाची तरी. आईनं आप्पांना तेच विचारलं होतं, मंग कुनाची म्हनायची? तेव्हा आप्पा नुसतं ठिव म्हणाले होते.

मी लिहिलं, “चादर माझी आहे. मी न्यायला येणार नाही.”

त्यावर कुणी फूल टाकलं नाही की हात जोडले नाहीत. तीन बायका ग्रुपमधून गेल्या. शालिनी गेली नाही. काही लिहिलंही नाही तिनं. मीही गेले नाही, त्यांनी काढलं तर काढू देत, मी आपणहून जायची नाही.

सोमवारी भिंगारहून रिक्षा करून शाळेत गेले. शिपायानं चादर काढून टेबलाच्या खणात ठेवली होती. मी मागून घेतली, फोटोवर पुन्हा लावली. पुढच्या सोमवारीही तेच. त्यानं विचारलं, “आज्जी, किती दिवस चालायचं हे?” मी म्हटलं, “मला ताप आला तर एखादा सोमवार चुकेल. नाहीतर येणार.”

गुडघे दुखतात. रिक्षावाला जास्तीचे मागतो. सून म्हणते, आई, मी येते सोबत. ये म्हटलं. तीही उंच आहे.